पांढरा शेला

नागपंचमी झाली की मालवणात पाट हलायला लागतात. गणपती दरवर्षी नवा, पण त्याचा पाट घरचा, पिढ्यान्‌पिढ्या एकच. ज्याचा त्याने तो गणपतीच्या शाळेत नेऊन द्यायचा, मूर्तिकाराने त्याच पाटावर मूर्ती घडवायची आणि चतुर्थीला ती पाटासकट घरी न्यायची. ज्या घरात मृत्यू झाला असेल त्या घरचा पाट त्या साली येत नाही. म्हणून शाळेत कोणाचा पाट आला आणि कोणाचा नाही, एवढे पाहिले की गावाची वर्षभराची हकीकत कळते.

मालवणातल्याच मेढ्यात गंगाराम मेस्त्रींची शाळा होती. शाळा म्हणजे एक लांबट मांगर, वर नळीची कौले, खाली शेणाने सारवलेली जमीन आणि दारासमोर विहीर. तिथे एक पाट दरवर्षी येई आणि रिकामा परत जाई. तो आनंदीबाई पार्सेकर या बाईचा. फणसाच्या लाकडाचा, एका कोपऱ्याला समईने जळलेला. पाठीवर खडूने 'भिकाजी' असे लिहिलेले. अक्षर तिच्या मुलीचे, मथुरेचे. आनंदीबाई पाट राखेने घासून आणी, मांगराच्या भिंतीला टेकवून ठेवी आणि चतुर्थीच्या सकाळी सगळ्यांचे गणपती निघून गेले की रिता पाट डोक्यावर घेऊन घरी जाई.

पहिल्या वर्षी गंगाराम मेस्त्री तिला म्हणाले होते, "आनंदी, मूर्ती करूची नसली तर पाट कित्याक हाडतंस? हय पाय ठेवक जागा नाय."

"नाय हाडलो तर लोकां काय म्हणतली?"

"काय म्हणतली?"

"घरधनी गेलो म्हणतली."

मेस्त्रींनी भिंतीशी जागा करून दिली. मूर्ती बसवायची तर घरच्या पुरुषाच्या हाताने, आणि तो पुरुष गोव्यात पोर्तुगिजांच्या तुरुंगात होता. तो येईपर्यंत मूर्ती नाही. पण तो जिवंत आहे, म्हणून पाट येणार.

भिकाजी पार्सेकर स्वतः मूर्तिकार होता. गाव पेडणे महालातले, तेरेखोलच्या खाडीपासून चालत जाण्याजोगे. १९५४ च्या ऑगस्टात सत्याग्रही तेरेखोलच्या किल्ल्यात शिरले, तेव्हापासून पलीकडे पोलिसांची गस्त वाढली होती. गोव्यात सभा बंद होत्या. लग्नाची पत्रिका छापायची तरी ती आधी सरकारला दाखवावी लागे. भिकाजीने भाषण केले नाही, पत्रके वाटली नाहीत. त्या वर्षी आपल्या शाळेतल्या सगळ्या गणपतींच्या खांद्यावरचा शेला त्याने केशरी, पांढरा आणि हिरवा रंगवला.

मथुरा तेव्हा दहा वर्षांची होती. नारळाच्या करवंट्यांत डिंक घालून रंग खलणे हे तिचे काम. शेल्यांची घाई झाली तेव्हा बापाने वरची केशरी पट्टी ओढायची आणि तिने खालची हिरवी, अशी वाटणी झाली.

"बारीक, बारीक," बाप म्हणायचा. "देवाचो शेलो तो. तुझ्या आवशीचा लुगडां न्हय."

आतून आनंदीबाई ओरडायची, "माझ्या लुगड्याचा नाव काढू नकात. धा ठिगळां आसत तेका."

चतुर्थीच्या सकाळी लोक मूर्ती न्यायला आले आणि शेला पाहून गप्प झाले. एका म्हाताऱ्याने तेवढे तोंड उघडले. "भिका, ह्यां काय केलंस रे? माझ्या घरात गणपती होयो, पोलीस नको."

"रंग ओलो आसा काकानू. आता हात लावल्यार हात मोडतलो देवाचो. मोडको व्हरतास?"

म्हातारा पुटपुटला, मूर्तीवर पंचा टाकला आणि डोक्यावर घेऊन निघाला. त्याच्यामागून सगळेच निघाले. एकानेही मूर्ती परत केली नाही.

दीड दिवसांनी विसर्जनाला नदीवर पोलीस उभे होते. एकामागून एक तसल्याच शेल्याचे गणपती येत होते. पोलिसांतले काही आसपासच्या गावांतलेच हिंदू होते. त्यांनी टोप्या काढून हात जोडले, आणि त्यांच्या गोऱ्या साहेबाला काय हुकूम द्यावा ते सुचेना. मूर्ती पाण्यात गेल्या. काठाशी थोडा वेळ केशरी पाणी दिसले, मग हिरवट, मग नेहमीचे गढूळ.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले. तीन करवंट्या चुलीजवळ होत्या, तळाला रंग वाळलेला. साहेबाने विचारले आणि दुभाष्याने सांगितले, "शेले कोणी रंगयले?"

"मी."

"आणि ह्यां चेडू?"

"तां शेल्याक हात लावणा नाय. उंदीर तेवढो रंगयता, तोय मांजरासारखो," भिकाजी मोठ्याने म्हणाला. मग मुलीकडे वळला. "काय गो मथुरा? शेल्याक तू हात लावतंस?"

मथुरेने नाही म्हणून मान हलवली. तिचे हात पाठीमागे होते. नखांत हिरवा रंग होता.

एका शिपायाने करवंट्या उचलल्या. गणवेशाला रंग लागू नये म्हणून हात लांब धरून तो पुढे चालला. त्याच्यामागे भिकाजी आणि दोन शिपाई. ते बांधाआड गेल्यावर आनंदीबाईने मुलीला न्हाणीत नेले आणि तिची नखे राखेने घासली. बोटांतून रक्त आले तेव्हा ती थांबली.

नवऱ्याला कोणत्या तुरुंगात ठेवले तेही तिला कोणी सांगेना. पावसाळा सरल्यावर ती मुलीला घेऊन होडीतून खाडी ओलांडून मालवणात आली. डोक्यावर पाट होता. गंगाराम मेस्त्रींचे आणि भिकाजीचे मातीच्या व्यवहारातले जुने जाणे-येणे होते. त्यांनी आपल्या परसातली खोपटी दिली. आनंदीबाई लोकांकडे भात कांडू लागली आणि मथुरा मांगरात माती मळू लागली. मेढ्यातली पोरे तिला "गोंयकारीण पाव खाता" म्हणून चिडवीत. तिला पाव आवडत नसे.

उंदीर, मग पाय, मग सोंड, असे ती शिकत गेली. पुढच्या साली मेस्त्रींनी कुंचला तिच्या हातात दिला. "शेलो भर."

"नाय."

"नाय म्हणजे?"

"मी शेल्याक हात लावणा नाय."

मेस्त्री रागावले, मग आनंदीबाईकडे गेले. तिने त्यांना नदीवरची आणि करवंट्यांची हकीकत सांगितली. "तिच्या बापाशीन पोलिसांक सांगल्यान, चेडू शेल्याक हात लावणा नाय. तो तेंच्या हातात आसा तवसर तां खरा रवाक होया, असा तिका वाटता. मी काय सांगू तिका?"

काही वर्षे शेले मेस्त्रींनी स्वतः रंगवले. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, काठाची रेघ सरळ येईना, आणि शेले पांढरेच राहू लागले. मथुरा आता बाकी सगळे करी. तिचे गणपती ओळखू येत: जड पापण्या, बोटांची पेरे वेगळी काढलेली, पितांबराला चुण्या, आणि खांद्यावर खडूचा कोरा पांढरा पट्टा. मालवणात त्याला 'गोंयकारणीचो गणपती' म्हणत. मुंबईहून आलेला एखादा चाकरमानी विचारायचा, "रंग संपलो काय गो?" आणि मेस्त्री आतून सांगायचे, "शेलो परटाकडे गेलो हा." पुढच्या वर्षी तोच माणूस यायचा. "मेस्त्रीनू, परीट अजून इलो नाय?" मांगरात हसू पिकायचे. मथुरा खाली मान घालून नखे काढीत असायची, मूर्तीची.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा सुटला. बंदरावर फटाके वाजले. आनंदीबाई दुसऱ्या दिवसापासून एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहू लागली. सुटलेले कैदी येत होते, वेंगुर्ल्याचे, सावंतवाडीचे, बांद्याचे. भिकाजी आला नाही. कोणी म्हणाले, काही जणांना पोर्तुगालला नेले आहे, काहींना आफ्रिकेत. आनंदीबाईने ते घट्ट धरले.

"आगबोटीन येतलो," ती सांगे. "लांबचो पल्लो. पावस सरासर पोचात."

१९६२ च्या नागपंचमीला ती पाट घेऊन आली. या खेपेला तो तिने भिंतीला टेकवला नाही. मेस्त्रींच्या पुढ्यात ठेवला.

"यंदा मूर्ती करा."

"बसयतलो कोण?"

"तो."

मेस्त्रींनी मथुरेकडे पाहिले. मथुरेने मातीचा गोळा घेतला आणि पाटावर आपटला.

मूर्ती उभी राहिली, वाळली, रंगली, आणि इतरांच्या रांगेत पांढऱ्या शेल्याने बसली. त्या वर्षी बाजारात सार्वजनिक गणपती व्हायचा होता. त्याचे पुढारी भाई, कापडाचे दुकानदार, मांगरात आले. उपरण्याने मान पुसत ते रांगेसमोरून फिरले आणि थांबले.

"मथुरा, आमच्या गणपतीक तिरंगी शेलो होयो. गोंय सुटला. तुझ्या बापाशीन सुरू केल्यान तां तू पुरा कर."

"बाबा येतलो. तेका सांगा."

"अगो, पण चतुर्थी तेच्यासाठी थांबात?"

"नाय थांबली तर पांढरो व्हरा."

"काय ह्यां चेडू!" भाई मेस्त्रींना म्हणाले. "सरकार बदलला, ही बदलूक नाय."

"तिका सरकारान सांगूक नाय होतां," मेस्त्री म्हणाले.

चतुर्थीला आठवडा राहिला असताना दुपारी एक माणूस आला. पायजमा, खांद्याला पिशवी, केस सगळे पांढरे, पण चेहरा तितका म्हातारा नाही. त्याने दारात चपला काढल्या आणि रांगेतल्या मूर्ती पाहत राहिला. मग विचारले, "भिकाजी पार्सेकाराचां चेडू हय आसा?"

नाव त्याने दाजी असे सांगितले. गाव पेडण्याजवळचे. भिकाजीबरोबर तो एकाच कोठडीत होता. आनंदीबाई कांडपाला गेली होती. मथुरेने त्याला पाणी दिले आणि समोर बसली. हातात मातीचा कान होता, तो तसाच राहिला.

"तुमका कोणी सांगूक नाय?" दाजीने विचारले. "माका वाटलां सांगल्यानी आसतले. मी सुटल्यार तुमच्या गावाक गेललंय. घर पडलां. शेजारी म्हणाले, मालवणाक गेली. मगे मी आजारी पडलंय."

मथुरेने पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"सत्तावन सालच्या पावसात गेलो तो. ताप इलो. आठ दिस होतो."

गंगाराम मेस्त्री मागे माती मळत होते. त्यांचे हात थांबले.

दाजीला गप्प बसवेना. त्याने सांगितले की चतुर्थी आली की भिकाजी रोजच्या पावातला थोडा थोडा मऊ भाग राखून ठेवी. तो पाण्यात भिजवून, मळून, अंगठ्याएवढा गणपती करी. उंदीरसुद्धा. दीड दिवस तो खिडकीत असे.

"बुडवक पाणी खंय? खायत होतंव आमी. तोच म्हणायचो, खावा रे, पोटात विसर्जन. उंदीर दर वर्साक माका." तो हसला आणि लगेच थांबला. "रंग मात्र नाय. पांढरोच."

मग उठला. पिशवी खांद्याला लावली. "आवशीक मी सांगू?"

"नको. मी सांगतलंय."

"न्हा गो मगे. कानार इल्यार बसूचा नाय तसा."

मृत्यूची बातमी कितीही वर्षांनी कानावर आली तरी त्याच पावली उठून डोक्यावरून पाणी घ्यायचे, अशी इकडची रीत. दाजी गेला. मथुरा उठली नाही. मेस्त्री विहिरीकडे बघत होते, ती हातातला कान मूर्तीला लावत होती.

"ऐकलंय मी," शेवटी मेस्त्री म्हणाले.

"ऐकलास तर आता इसरा. न्हालंय तर आये माझे केस बघतली. आज काय केसांवरून न्हावचो दिस नाय."

"कधीतरी बघतलीच मा?"

"चतुर्थी जाव दी."

"आणि तुमच्या पाटावरची मूर्ती? बसयतलो कोण?"

चतुर्थीच्या सकाळी आई नवी साडी नेसून येणार, मूर्तीसमोर उभी राहणार आणि रस्त्याकडे बघणार, एवढे तिला दिसत होते.

"काकानू, सुतकात मूर्तीक हात लावलेलो चलता?"

मेस्त्रींनी हातांवरची माती काढली. "मी खरां सांगू? माका दिसणा नाय. मांगरभर लोकांचे पाट आसत, आणि डोळे काढूचे बाकी. तू उठलंस तर माझी शाळा बुडाली. म्हणान मी म्हणतंय, चलता. भटजीक इचारशीत तर तो येगळा सांगात." मग म्हणाले, "पुजा होयसर माती ती. कोणी बसयली नाय, तर दर्यात सोडूची."

त्या संध्याकाळी आनंदीबाईने नेहमीसारखे कपाळावर कुंकू नीट केले आणि मुलीला जेवायला वाढले. वाढता वाढता ती सांगत होती की भाताच्या गिरणीत कोणी बाई म्हणाली, मुंबईला लिस्बनहून बोट लागली आहे. मथुरा जेवली. दुसऱ्या दिवशीही आई तेच बोलली, फक्त बोटीत आता कैदी होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मथुरेने सगळ्या मूर्तींचे डोळे काढून संपवले. मग तिने तीन करवंट्या घेतल्या. एकीत केशरी खलला, दुसरीत हिरवा. तिसरीत पांढरा खलायचे काही कारण नव्हते, पण खलला. मेस्त्रींना डिंकाचा वास आला आणि करवंट्यांचा आवाज ऐकू आला.

ती आपल्या पाटावरच्या मूर्तीसमोर बसली. आधी हिरवी पट्टी ओढली. ती तिच्या सवयीची होती. आठ वर्षांनी हात तिथेच गेला, खांद्यावरून खाली, काठाला बारीक होत. केशरी पट्टीला वेळ लागला. ती बापाची होती. दोनदा कुंचला टेकवून तिने उचलला. तिसऱ्यांदा ओढली. ती थोडी वाकडी आली आणि तिने तशीच ठेवली.

दुपारी आनंदीबाई पेज घेऊन आली. रोजच्यासारखी दारातूनच बोलत आत आली, "गो मथुरा, गिरणीत सांगत होती की..." आणि बोलणे तिथेच राहिले. रांगेतल्या सगळ्या मूर्तींचे शेले पांढरे होते. एकाचा नव्हता. तिने पाट पाहिला. जळका कोपरा तिच्याकडेच होता.

तपेली तिने सांडू न देता जमिनीवर ठेवली.

"कोणी रंगयलो?"

"मी," मथुरा म्हणाली.

आनंदीबाई मूर्तीजवळ गेली. रंग ओला होता. तिने हात लावला नाही. मग मेस्त्रींकडे पाहिले. त्यांना तिचा चेहरा दिसत नव्हता, तरी त्यांनी मान खाली घातली.

ती बाहेर गेली. श्रावण सरत आला होता, विहीर काठोकाठ भरली होती, वाकून हाताने पाणी घेता आले असते. तिने कळशी बुडवली आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावर ओतली. पुन्हा बुडवली, पुन्हा ओतली. कुंकू नाकावरून हनुवटीवर आले आणि मग गेले. ती रडत होती की नाही ते पाण्यामुळे कळत नव्हते. पाणी गटारात नाहीसे झाल्यावर तिने हाक मारली.

"हडे ये."

मथुरा दारात येऊन उभी राहिली.

"कधी कळला तुका?"

"परवा."

"कोण इलेलो?"

"तेच्या कोठडीतलो माणूस. सत्तावन साली गेलो म्हणता. तापान."

आनंदीबाई कळशी धरून उभी राहिली. सत्तावनपासून तिने किती वेळा पाट घासला, हे ती मनात मोजत असावी. मग म्हणाली, "परवापासून तशीच बसलंस? आणि जेवलंस तशीच?"

"व्हय."

"ये. केस सोड."

मथुरा विहिरीच्या कठड्यापाशी बसली. आईने तिच्या डोक्यावर पाणी घातले. मागे मेस्त्रींनी मांगराचे दार ओढून घेतले. पाणी थंड होते. मथुरेने तोंडावरचे केस बाजूला केले तेव्हा आनंदीबाईने तिचे दोन्ही हात धरले आणि उलटे करून पाहिले. नखांत हिरवा रंग होता.

तिचा अंगठा आपोआप नखावर गेला आणि घासू लागला. मग थांबला.

"रवांदे," ती म्हणाली. "आता कोण इचारूचो नाय."